टेबलावरच्या नकाशातलं तुमचं घर

सुलोचनाबाई,

तुम्ही गेलात त्याला आज तेरा दिवस झाले आणि वाचनालयातल्या टेबलावरच्या नकाशात तुमचं घर अजून आहे. सक्करदऱ्याच्या तलावाकडून आत वळणाऱ्या गल्लीत उजव्या हाताचं सातवं घर. त्यावर लाल पेन्सिलीचं छोटं वर्तुळ आणि बाजूला ‘टीकेवाली बाई’. अक्षर माझं आहे. बदल कळला की त्याच दिवशी आधी टेबलावर, हा आपला नियम तुम्हीच घालून दिलेला. तेरा दिवसांत मी वाचनालयात अकरा वेळा आलो. रबर खिशात होता. अकराही वेळा तो खिशातच राहिला.

हे मी त्याच टेबलाशी बसून लिहितो आहे. आज संध्याकाळी इथे एक प्रसंग घडला म्हणून लिहितो आहे. तो शेवटी सांगेन, कारण मला सगळं क्रमानेच सांगता येतं. तुम्ही त्यावरून मला पुष्कळ हसलात.

येत्या रविवारी आपल्या नकाशाच्या मंडळींची बैठक आहे. घरोघर गॅसच्या टाक्या पोचवणाऱ्या एका एजन्सीचं पत्र आलंय. आपला नकाशा त्यांच्या कचेरीत लावून द्यावा, दर महिन्याला तो ताजा करावा, आणि त्यांच्या सायकलवाल्यांना पत्ता सापडला नाही तर सांगायला आपला एक माणूस तिथे बसवावा, अशी त्यांची मागणी आहे. अकरा वर्षांपूर्वी इतवारीच्या बन्सीशेठने नेमकं हेच मागितलं होतं. तेव्हा तुम्ही आणि मी भांडलो. ते भांडण अर्धवट टाकून तुम्ही गेलात आणि आता सगळे माझ्या तोंडाकडे बघतात.

पहिला नकाशा मी एकट्याने काढला होता, हे तुम्ही कधी विसरू दिलं नाही. मी गिरणीच्या टाइम ऑफिसात कारकून. कोण किती वाजता आत गेला आणि किती वाजता बाहेर पडला हे लिहिण्यात माझं आयुष्य गेलं. भागात नवी घरं होत होती, लोक पत्ता विचारत दारात येत होते. म्हणून सायकलच्या मागच्या चाकाला लाल चिंधी बांधली आणि सात रविवार चाकाचे फेरे मोजत फिरलो. सातशे वीस फेरे म्हणजे एक मैल. नकाशा शाईने काढला, चौकट करून घेतली आणि वाचनालयाच्या भिंतीवर टांगला. मला त्याचा फार अभिमान होता.

तिसऱ्या दिवशी तुम्ही आलात. खांद्याला देवीच्या लशीची पेटी, हाताच्या बोटांना खडू. ज्या घरात टीके देऊन व्हायचे त्या दाराच्या चौकटीवर तुम्ही खडूने खूण करायचात. आमच्याही दारावर होती. नकाशापुढे तुम्ही बराच वेळ उभ्या राहिलात.

“हा कोणं काढला जी?”

“मी काढला.”

“मंग हे काय हाय इथं?”

तुमचं बोट होतं खालच्या डाव्या कोपऱ्यात. तिथे मी कागद कोरा ठेवून लिहिलं होतं, ‘पुढे वस्ती’.

“वस्ती आहे तिकडे,” मी म्हणालो.

“ते लिवलंच हाय तुम्ही. तिथं माणसं राह्यतात का म्हशी, ते नाई लिवलं.”

वाचनालयातले दोघेतिघे हसले. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, “मी तिथंच राह्यते. एकशे त्र्याऐंशी दारं हायेत. खडूनं मोजली मी.”

“तिथे सायकल जात नाही,” मी म्हणालो. तेव्हा ते खरं होतं, गाडीवाट नंतर झाली.

“मंग चप्पल घाला अन् चाला ना जी. पाय तं जातात.”

त्या कोपऱ्याबद्दल मी स्वतःला पुष्कळ कारणं दिली आहेत. खरं एवढंच, की मी तिकडे गेलोच नव्हतो. पंधरा वर्षं त्या वळणावरून गिरणीत जात होतो आणि एकदाही आत वळलो नव्हतो. पुढच्या रविवारी तुम्ही मला आत नेलंत. तुम्ही पुढे, मी मागे पावलं मोजत. प्रत्येक दारातून कोणीतरी विचारायचं, “कोण हाय वं बाई हे?” आणि तुम्ही सांगायचात, “नकाशेवाले भाऊ हायेत. आपली घरं हरवली होती यांच्याकडून. शोधून राहिले.”

त्यानंतर नकाशा तुम्ही भिंतीवरून उतरवायला लावलात. “भिंतीवर टांगला म्हंजे देवाचा फोटो झाला. टेबलावर ठेवा. लोकाइले बोट लावता आलं पायजे.” चौकट मोडली. त्या चौकटीला मी सागवान वापरलं होतं, हे आता सांगतो. नकाशा टेबलावर आला, शेजारी दोरीने बांधलेली वही आली आणि भिंतीवर जिथे नकाशा होता तिथे तुमच्या सांगण्यावरून मी तीन ओळी लिहिल्या: नकाशा सर्वांचा आहे. ज्याला हवा त्याने उतरवून घ्यावा. चूक दिसली तर वहीत लिहावी.

चूक दाखवणाऱ्याला तुम्ही चहा पाजायचात. त्यामुळे सुरुवातीच्या काळात काही लोकांनी नसलेल्या चुका दाखवल्या. तुम्ही त्यांनाही चहा पाजलात आणि मग म्हणालात, “चला, दाखवा बरं कुठं हाय ते.” दोन फर्लांग चालवत नेलंत. मग खऱ्याच चुका येऊ लागल्या.

तलावाचा घेर आठवतो? तुमच्या पावलांनी आणि माझ्या चाकाने मोजला, तर पन्नास फेऱ्यांचा फरक आला. मी म्हटलं, पाऊल लहानमोठं पडतं, चाक खोटं बोलत नाही. तुम्ही म्हणालात, “चाक नाई बोलत, पण म्हशी आल्या की चाकवाले भाऊ लांबून वळसा घालतात. मी पाह्यलं.” पाहिलं होतं खरंच. मी पुन्हा मोजला, तुमच्या पावलांच्या जवळ आला. हा किस्सा तुम्ही माझ्या बायकोला इतक्या वेळा सांगितलात की ती अजूनही मला बाजारात पाठवताना म्हणते, “सरळ जा अन् सरळ या, म्हशी दिसल्या तरी.”

चार वर्षांत आपण पाच जण झालो आणि नकाशा सक्करदऱ्यापासून इतवारीपर्यंत पोचला. पाचांतला गणपत ट्रेसर. त्याची नोकरी सुटली होती आणि सीताबर्डीत जिन्याखालच्या जागेत तो नकाशांच्या नकला करून द्यायचा. आपला नकाशाही तो उतरवून दुकानदारांना विकू लागला. मी चिडलो. मंडळींनी रविवार घालवून केलेलं काम आणि धंदा याचा. तुम्ही मला या टेबलाशीच बसवून सांगितलंत, “भाऊ, विहिरीवर कोणाची घागर किती मोठी, हे आपण काहून पाहावं? आमच्या लोकाइनं लय पाह्यलं हाय विहिरीवर उभं राहून कोण कोणाले मोजते ते. भरू द्या त्याले. तो चुका आणून देते ना?”

आणून देत होता. वहीतली दर चौथी चूक गणपतची असायची. मी पानं मोजून पाहिली आणि तक्रार सोडून दिली.

मग बन्सीशेठ आला. इतवारीतला मालवाहतुकीचा मोठा माणूस. त्याच्या हातगाड्या आणि टेम्पो धान्य, भांडी, कापड सगळ्या शहरात पोचवायचे. त्याचे मुनीम रोज इथे येऊन पत्ते उतरवत, टेबलाभोवती गर्दी करत, कागदाच्या कडा फाडत. शेठ स्वतः आला, हात जोडले, म्हणाला, “भाऊसाहब, एक पक्की प्रत माझ्या गोदामात लावून द्या. दर हप्त्याला ताजी करा. तुमचा एक माणूस बसवा. कागद, शाई, पंखा, जो लगेगा सो मी देतो.”

मी त्या बाजूचा होतो. आजही सांगतो, माझं म्हणणं फुकटचं नव्हतं. शहर रोज बदलतं आणि ते बदल सगळ्यात आधी हातगाडीवाल्याला कळतात, कारण बंद गल्लीतून भरलेली गाडी मागे त्यालाच ओढावी लागते. तो काही सक्करदऱ्याला येऊन वहीत लिहिणार नाही. आपण त्याच्याजवळ जाऊन बसलो तर नकाशा खरा राहील. शिवाय टेबलावरची गर्दी कमी होईल.

तुम्ही पूर्ण ऐकून घेतलंत. मग म्हणालात, “नकाशा शेठले द्या, नाई कोण म्हणते? पण पक्की सेवा आपण देऊ नका. ते गणपतचं पोट हाय. आपण तिथं बसलो तं गणपत कुठं बसन? अन् दुसरं सांगते. विहीर राखायचं काम आपलं. घरोघरी पाणी भराले लागलो, तं विहिरीकडं कोण पाहीन?”

“दोन्ही करू,” मी म्हणालो.

“किती हात हायेत तुमाले?”

“मी वेळापत्रक आखतो.”

“हाव, आखा. तुमचं वेळापत्रक म्हंजे पोथीच असते.”

हात वर करून मोजलं. तीन विरुद्ध दोन. गणपतचा हात तुमच्या बाजूने, बाकीचे दोन माझ्या बाजूने. सहा महिने करून पाहायचं ठरलं. तुम्ही हरल्यावर रुसला नाहीत. “ठरलं तं ठरलं. मी तिकडं बसाची नाई, पण टेबल पुसाले येईन,” म्हणालात आणि दर रविवारी आलात.

शनिवारी दुपारी गिरणी सुटली की मी इतवारीत जाऊन बसायचो. काय दिवस होते, बाई! हातगाडीवाले रांग लावून सांगायचे. या बोळात गटार खणलंय, त्या गल्लीत लग्नाचा मांडव पडलाय, तिथे टेम्पो वळत नाही. चार महिन्यांत गोदामातल्या प्रतीवर मी दोनशे सतरा दुरुस्त्या केल्या. तेवढ्याच काळात टेबलाच्या वहीत एकतीस होत्या. हे आकडे मी तुम्हाला येऊन ऐकवले. तुम्ही विचारलंत, “अन् त्या दोनशे सतरातल्या इथं टेबलावर किती आल्या?”

मी म्हणालो, “पुढच्या रविवारी उतरवतो.”

तेव्हा मी पाच आठवडे मागे होतो. माझ्या आयुष्यात मी टाइम ऑफिसात एक दिवसही मागे राहिलो नाही. इथे राहिलो, कारण शेठ विचारायचा आणि टेबल विचारत नव्हतं.

पाऊस सुरू झाल्यावर तुमच्या वस्तीला दवाखान्याच्या रस्त्याशी जोडणारा नाल्यावरचा छोटा पूल खचला. पायी माणूस जेमतेम जाईल, गाडी नाही. वस्तीच्या या टोकाची माणसं त्या बाजूला रोज जात नसत. पण दुसऱ्याच दिवशी हातगाडीवाल्याने इतवारीत सांगितलं आणि गोदामातल्या प्रतीवर फुली पडली. शेठच्या गाड्या वळशाने जाऊ लागल्या.

आठ दिवसांनी, भर दुपारी, एक माणूस आपल्या बायकोला सायकलरिक्षात घालून दवाखान्यात निघाला. कळा सुरू झाल्या होत्या. तो शहाणा माणूस होता. आदल्याच दिवशी वाचनालयात येऊन त्याने टेबलावरून जवळचा रस्ता चिठ्ठीवर उतरवून घेतला होता, आपल्या तीन ओळींवर विश्वास ठेवून. पुलापाशी रिक्षा अडली. मागे फिरली, लांबच्या रस्त्याला लागली आणि दवाखाना दिसायला लागला तिथे, चिंचेच्या झाडाखाली, पोर रिक्षातच जन्मलं. तुम्ही टीके देत त्याच रस्त्याला होतात, म्हणून दोन्ही जीव वाचले. मुलगी आहे ती. आता अकरा वर्षांची असेल.

तुम्ही मला ओरडाल असं वाटलं होतं. तुम्ही रविवारी सकाळी आमच्या दारात आलात, माझ्या बायकोने दिलेलं पाणी प्यायलात आणि म्हणालात, “चला भाऊ. मोजा.”

त्या माणसाच्या घरापासून पुलापर्यंत सहाशे चाळीस पावलं. पुलापाशी तुम्ही थांबला नाहीत, वळलात. परत सहाशे चाळीस. तिथून लांबच्या रस्त्याने दवाखान्यापर्यंत दोन हजार तीनशे दहा. चिंचेच्या झाडापाशी आलो तेव्हा तुम्ही फक्त बोट दाखवलंत. झाडापासून दवाखान्याची पायरी तीनशे पाच पावलं.

मी हिशोब मांडायला लागलो. पूल पडला ती चूक आपली नव्हती, ती नाल्याची. पुलाची वार्ता टेबलावर असती तर रिक्षा पहिल्यापासून लांबच्या रस्त्याने गेली असती. म्हणजे आपली चूक बाराशे ऐंशी पावलांची. आणि हवी होती तीनशे पाच.

तुम्ही एकच वाक्य बोललात. “शेठच्या पोत्याइले पूल पडल्याचं माहीत होतं. त्या बाईले नव्हतं.”

आणि मग विचारलंत, “तुमाले माहीत होतं काय जी?”

मी म्हणालो, “नाही. ती फुली गोदामातल्या मुनिमाने मारली असेल. माझ्यापर्यंत आलं नव्हतं.”

बाई, फुली मी मारली होती. स्वतःच्या हाताने, शनिवारी दुपारी सव्वातीन वाजता, आणि खाली बारीक अक्षरात तारीख घालून लिहिलं होतं, ‘गाडी जात नाही’. दुसऱ्या दिवशी रविवारी मी टेबलाशी आलो, तुमच्याशी गप्पा मारल्या, तुम्ही केलेला चहा प्यालो आणि पूल माझ्या डोक्यात आला नाही. हे मला अकरा वर्षं सांगायचं होतं.

माझं ते खोटं ऐकून तुम्ही “बरं” म्हणालात. एवढंच.

त्याच आठवड्यात मी गोदामातलं काम बंद केलं. मंडळींना सांगितलं, बाई बरोबर होत्या, धंदेवाल्यांची सेवा नको, शेठला सरळ नकार देऊन आलोय. मला वाटलं तुम्हाला बरं वाटेल. तुम्ही उलट चिडलात. इतक्या वर्षांत मी तुम्हाला एकदाच चिडलेलं पाहिलं.

“काहून बंद केलं? मी बंद करा म्हटलं काय? मी म्हटलं होतं आपण करू नका. गणपतले द्या. हातगाडीवाल्यानं काय पाप केलं? तुमाले शिक्षा घ्याची हाय तं तुमी घ्या जी, त्याइले काहून?”

मी म्हणालो, “एकदा नको म्हणजे नको.”

“तुमचं असंच हाय. एक तं दोन्ही हातानं कराचं, नाईतं हात धुवाचे.”

यावर आपण महिनोन्महिने बोलत राहिलो. तुम्ही म्हणायचात, धंदा करणाऱ्याने धंदा करावा, नकाशातून उतरवून घ्यावं, आपल्यासारखंच रांगेत उभं राहावं. मी म्हणायचो, मग त्याने निदान चूक आणून देण्याची अट घाला. तुम्ही म्हणायचात, “अट घातली की विहिरीले कुलूप लागते. आज अट चूक आणून द्याची, उद्या जातीची.” हे मला पटायचं नाही. गोदामातली प्रत परत आणायला तुम्ही आणि गणपत गेलात. नंतर शेठचं काम गणपतच करू लागला आणि दर सोमवारी चिठ्ठ्यांचा गठ्ठा न सांगता टेबलावर आणून ठेवू लागला. अट न घालता. हे मी तुम्हाला कधी कबूल केलं नाही. आज करतो.

त्याच सुमारास तुम्ही नवी वही आणलीत आणि मला दोन रकाने आखायला सांगितले. पहिला ‘कळलं कधी’, दुसरा ‘टेबलावर आलं कधी’. “तुमाले रकाने आवडतात ना,” म्हणालात. आणि वाचनालयातल्या नकाशाच्या कपाटाची किल्ली माझ्या हातात दिलीत. मी विचारलं, मला कशी काय? ज्याच्यामुळे टेबल मागे पडलं त्याला? तुम्ही म्हणालात, “तुमच्याकडंच राहू द्या. तुमच्याकडं बरी राहीन.” मला वाटलं, बिचाऱ्या बाईंना खरं माहीत नाही.

तुमच्या अंत्ययात्रेनंतर विहाराबाहेर गणपत माझ्या शेजारी उभा होता. पांढऱ्या कपड्यातली माणसं पांगत होती. तो म्हणाला, “भाऊ, एक सांगतो, रागवू नका. गोदामातला नकाशा आणाले गेलो तवा बाईनं ती फुली पाह्यली. तुमचा तीन असा वर चपटा असते ना, तारखेतला? बाई म्हणे, ‘हा भाऊचा तीन.’ मी म्हटलं, मंडळीत सांगाचं काय? तं म्हणे, ‘कोणाले सांगाचं नाई. त्याले स्वतःले ठाऊक हाय, तेवढं पुरे. आता टेबल कोणी सोडलं तरी हा नाई सोडणार.’”

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. किल्ली माहीत असून दिली होती. त्यानंतर अकरा वर्षं तुम्ही माझ्याबरोबर चहा प्यालात, माझ्या मुलीच्या लग्नात वाढायला उभ्या राहिलात, म्हशींचा किस्सा पुन्हा पुन्हा सांगितलात, आणि पुलाचा एकदाही उच्चार केला नाहीत. माझ्या हाताखाली पंचवीस माणसांनी काम केलं. त्यांच्या खोट्या वेळा मी लाल शाईने गोल केल्या. एखाद्याचं खोटं असं सांभाळून ठेवायचं, की त्यातून त्याने खरं वागावं, हे मला कधी जमलं नसतं. आणि तुम्ही विश्वास ठेवलात तेव्हा दाखवायला माझ्याकडे एकही आकडा नव्हता. या वहीत आज अकरा वर्षांच्या नोंदी आहेत आणि प्रत्येक ओळीत दोन्ही रकान्यांत एकच तारीख आहे. मी काल बसून तपासलं. एकही चुकलेली नाही.

आता आजची गोष्ट.

संध्याकाळी मी टेबलाशी बसलो होतो. एक तरुण बाई आली, कडेवर तापाने मलूल झालेलं पोर. नव्या लेआउटमध्ये राहायला आलेली असावी. हातात चिठ्ठी होती, आपल्याच टेबलावरून उतरवलेली. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्यापाशी आली.

“नकाशात चूक हाय जी.”

“कुठे?”

“हे टीकेवाली बाईचं घर. तिथं कुलूप हाय. शेजारीण म्हणे बाई वारली. लेकराले घेऊन गेली ना मी, अन् तशीच वापस.”

ती भिंतीवरच्या तीन ओळी वाचत होती. मग वहीकडे बघून म्हणाली, “चूक दिसली तं वहीत लिवा म्हंते. लिवू काय मी?” आणि माझ्याकडे पाहिलं, “का तुमाले माहीत होतं?”

तोच प्रश्न, बाई. तुमच्याच शब्दांत. तिला कुठून माहीत असणार.

मी म्हणालो, “माहीत होतं. तेरा दिवसांपासून.”

तिने पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं. “मंग काढलं काहून नाई?”

“हात धजला नाही.”

तिने मान हलवली, रागावली नाही. मी तिला टेबलावरचा दवाखान्याचा रस्ता दाखवला, तो आज सकाळीच तपासलेला आहे. बरोबर गेलो, पोराला डॉक्टरांना दाखवलं, औषध घेतलं, ती दोघं बरी आहेत. तिथून परत येऊन बसलोय. या टेबलापासून तुमच्या दारापर्यंत चारशे पंधरा पावलं. परत तेवढीच. ही आठशे तीस माझी आहेत. मुनिमाची नाहीत.

रविवारी मी काय सांगणार ते तुम्हाला आधी सांगतो. गॅसवाल्यांना नकाशा उघडा आहे, जसा सगळ्यांना आहे. त्यांच्या कचेरीतली सेवा आपण चालवायची नाही, गणपतने चालवावी किंवा ज्याला जमेल त्याने. आपण टेबल सांभाळायचं. पण बाई, त्यांचे सायकलवाले महिन्याला प्रत्येक दारात जातात, जशा तुम्ही जायचात. त्यांना कळलेलं आधी इथे यावं, अशी अट घालावी असं मला अजूनही वाटतं. तुम्ही असता तर विहिरीच्या कुलपाची गोष्ट काढली असती. मी अट मांडणार, मग तुमचं म्हणणंही मीच मांडणार, जमेल तेवढं तुमच्या भाषेत, आणि मग हात मोजणार. हरलो तर टेबल पुसायला येईन.

आता वही उघडतो. जुनी आधी. पुलाची ओळ तिथे आहे, रकाने नसलेल्या पानावर. समासात लिहितो: ‘टेबलावर येण्याआधी आठ दिवस कळलं होतं. कळणारा मी.’ खाली सही.

मग नवी. ‘टीकेवाली बाई, तलावाकडची गल्ली, उजवीकडचं सातवं घर. घर बंद. खूण काढावी.’ कळवणाऱ्याच्या जागी त्या बाईचं नाव, ते मी तिला विचारून घेतलं आहे. पुढच्या वेळी आली की तिला चहा. कळलं कधी, तेरा दिवसांपूर्वीची तारीख. टेबलावर आलं कधी, आजची.

अकरा वर्षांत या वहीत दोन वेगळ्या तारखांची ही पहिली ओळ. तुम्हाला ती चालली असती असं मी धरून चालतो.

रबर काढला आहे.